पिशवी काढण्याआधी : आरोग्य विभागाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
तसेच वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ज्या बाईला खरोखर लागते तिला ती सरकारी रुग्णालयात कमीत कमी छेदाने मिळावी, आणि जिला लागत नाही तिच्यावर ती कुठेच होऊ नये, याबाबत.

महोदय,

मी निवृत्त परिचारिका आहे. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत माझी नोकरी झाली आणि तिचा मोठा भाग स्त्रीरोग विभागात गेला, आधी वॉर्डात, नंतर ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत. गर्भाशय काढलेल्या बाया मी भुलीतून जाग्या होताना पाहिल्या, टाके काढायला आलेल्या पाहिल्या, आणि काही वर्षांनी कंबर धरून पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभ्या राहिलेल्याही पाहिल्या. आता गावातल्या आणि आसपासच्या तांड्यांवरच्या बाया कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. हल्ली बहुतेकींचा प्रश्न एकच असतो. "सिस्टर, दुर्बिणीतून पिशवी काढू म्हणतेत. दोन दिसांत घरी सोडतेत म्हणं. काढू का?"

या बाईला नीट उत्तर मिळेल अशी यंत्रणा कागदावर उभी आहे. ती तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आधी या शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलते, कारण ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याबद्दल बीडचं नाव निघाल्यापासून 'पिशवी काढणं' म्हणजे सरसकट लूटच, असा समज झाला आहे आणि त्यात खऱ्या गरजू बाईचंही नुकसान होतं. मोठ्या गाठींमुळे महिन्यातले पंधरा दिवस रक्त जातंय, गोळ्या घेऊन झाल्या, हिमोग्लोबिन सहावर आलंय, रक्ताच्या पिशव्या चढवूनच दर वेळी घरी पाठवावं लागतंय, अशी बाई मी पाहिली आहे. अंग बाहेर आल्यामुळे, म्हणजे पिशवी खाली सरकून योनीबाहेर आल्यामुळे, जिला धड बसता येत नाही, चालताना घासून जखम होते आणि लाजेपायी जी वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही, अशाही कितीतरी पाहिल्या. त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया म्हणजे सुटका आहे. ऑपरेशननंतर महिन्याभराने दाखवायला आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जो तजेला असतो, तो बघून आम्हा सिस्टरांनाही बरं वाटायचं.

पण पिशवी कोणत्या वाटेने काढली, यावर बाईचे पुढचे दिड-दोन महिने कसे जाणार ते ठरतं. पोट उघडून काढली की आडवा किंवा बेंबीखाली उभा छेद येतो. दुसऱ्या दिवशी उठवून बसवताना बाई दोन्ही हातांनी पोट धरते. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट दाबून खोकायचं, हे आम्ही प्रत्येकीला शिकवायचो. जखमेला पाणी सुटलं की मुक्काम लांबायचा. घरी लेकरं शेजारणीकडे, नवऱ्याची मजुरी बुडालेली, आणि बाई रोज राउंडला एकच विचारायची, "कधी सोडता?" पूर्ण सावरायला सहा आठवडे लागतात, आणि जाड अंगाच्या किंवा साखरेचा आजार असलेल्या बाईला त्याहूनही जास्त.

त्याच वॉर्डात, शेजारच्या खाटेवर, खालून म्हणजे योनिमार्गाने पिशवी काढलेली बाई असायची. कमरेत सुई देऊन भूल, पोटावर एकही टाका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटर काढला की ती स्वतःच्या पायाने संडासला जाऊन यायची आणि चहा मागायची. पलीकडची पोट धरून बसलेली बाई तिच्याकडे बघत राहायची. दोघींचा आजार पुष्कळदा सारखा असायचा. दोघींचे डॉक्टर वेगळे असायचे, इतकाच काय तो फरक.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया नंतरची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डॉ. हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीतून गर्भाशय काढलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते, पाच ते दहा मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात आणि सुटी केलेली पिशवी बहुतेक वेळा खालूनच बाहेर काढतात. रक्त कमी जातं, जखम चिघळण्याचा धोका कमी, वेदना कमी, दवाखान्यातला मुक्काम कमी. याला पूर्ण भूल लागते, हे मात्र बाईला आधी सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो, तेही. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, म्हणून बाया घाबरतात. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला डिवचत असतो, दोन-तीन दिवसांत ते दुखणं जातं. एवढं एक वाक्य आदल्या दिवशी कुणी सांगितलं तर रात्रपाळीच्या सिस्टरला दहा वेळा हाका बसत नाहीत.

आजवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्ष अनेक वर्षं तोच आहे : कर्करोग नसलेल्या आजारासाठी पिशवी काढायची असेल आणि खालून काढणं शक्य असेल, तर खालूनच काढावी. ते शक्य नसेल तर दुर्बीण, आणि पोट उघडणं त्यानंतर. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये हाच क्रम सांगितला. आणि यात परक्यांकडून शिकण्यासारखं आपल्याला फारसं नाही. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ, जे पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले, त्यांनी अंग बाहेर आलेलं नसतानाही खालून गर्भाशय कसं काढावं, याचाच आयुष्यभर पुरस्कार केला. हे कौशल्य महाराष्ट्राच्या मातीतलं आहे. मग आमच्या तालुक्याच्या बाईच्या वाट्याला अजून पोटावरचा छेदच का येतो?

याचं उत्तर पैशात नाही, हे मी ओटीत उभं राहून सांगू शकते. खालून पिशवी काढायला जी हत्यारं लागतात ती उपजिल्हा रुग्णालयाच्या ट्रॉलीत आजही निर्जंतुक करून ठेवलेली असतात. कॅमेरा नको, गॅस नको, महागडी यंत्रं नकोत. भूलतज्ज्ञ हवा, टेबल हवं आणि शिकलेला हात हवा. कमी पडतोय तो हात. शिकाऊ डॉक्टर पोट उघडायला शिकतात, कारण सिझेरियन करून करून ती वाट त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. खालून काढण्याची संधी त्यांना प्रामुख्याने अंग बाहेर आलेल्या बाईमध्येच मिळते. बारा आठवड्यांच्या गरोदरपणात असते तेवढी वाढलेली पिशवीसुद्धा सराव असलेला डॉक्टर खालून काढतो. पण सराव कुठे व्हावा? जाता जाता एक काळजीही नोंदवते. आज सिझेरियन झालेल्या मुली उद्या चाळिशीला येतील, तेव्हा त्यांची लघवीची पिशवी जुन्या व्रणाला चिकटलेली असेल. त्यांच्यात खालून काढणं अशक्य नसतं, पण हात अधिक तयार लागतो. म्हणून प्रशिक्षण आत्ताच हवं.

माझी विनंती साधी आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी म्हणून ओळखलं जाणारं शासकीय महाविद्यालय आहे, नांदेड आणि लातूरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आळीपाळीने तिथे पाठवा, खालून आणि दुर्बिणीतून अशा दोन्ही शस्त्रक्रिया जाणत्या डॉक्टरांच्या हाताखाली करू द्या. सोबत ओटीची एक सिस्टरही पाठवा, कारण नवी शस्त्रक्रिया एकटा सर्जन शिकत नाही. आणि जिल्ह्यासाठी शस्त्रक्रियेचा रोबोट घेण्याचा प्रस्ताव टेबलावर आला, तर त्याआधी हे झालं का ते विचारा. साध्या आजारासाठी दुर्बिणीपेक्षा रोबोट बाईला जास्त काही देतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. खर्च मात्र वाढतो.

दुर्बीण सगळीकडे सरस असंही कुणी समजू नये. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात पोट उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया बरी की दुर्बिणीतून, याची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रियांचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होतं, तर दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के. जगभरच्या सर्जनांना त्यानंतर आपली पद्धत बदलावी लागली. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाठींचे पोटातच तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल इशारा दिला होता, कारण गाठीत न ओळखलेला कर्करोग असेल तर तो पोटभर पसरू शकतो. शिवाय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला, मूत्राशयाला, आतड्याला इजा होऊ शकते, तीही कधी कधी चार-आठ दिवसांनी उघडकीला येणारी. ताप, वाढती पोटदुखी, खालून सतत पाण्यासारखं जाणं, यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता परत या, असं कार्डावर मराठीत ठळक लिहिलेलं असायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी जीव तुटतो तिकडे येते.

२०१९ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत जवळपास एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडं वर आहे. दोन्ही गटांतली वयं अगदी सारखी नाहीत, तरी एवढी मोठी तफावत वयाने भरून निघत नाही.

या बाया माझ्या ओळखीच्या आहेत. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड ट्रकवर चढतं. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पोट दुखतं म्हणून एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जायला लागतं, खाज सुटते, ओटीपोट दुखतं. हंगाम संपवून गावी आली की दवाखाना गाठते, आणि तिथे सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून तिला सांगितलं जातं : पिशवीला जखम आहे, सूज आहे, पुढं कॅन्सर होईल. लेकरं झालीत ना? मग काढून टाक.

अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. त्याला बहुतेक वेळा औषधांचा कोर्स पुरतो आणि कधी कधी नवऱ्यालाही सोबत द्यावा लागतो. 'पिशवीला जखम' म्हणून दाखवतात तो गर्भाशयमुखाचा लालसरपणा पुष्कळदा निसर्गाचाच भाग असतो. कर्करोगाची शंका असेल तर मुखाची तपासणी करा, गरज वाटली तर तुकडा काढून तपासायला पाठवा. शंका खरी ठरली तर त्या आजाराची शस्त्रक्रिया वेगळी असते आणि ती कर्करोगाच्या सर्जनने करायची असते. म्हणजे तपासणी न करता 'कॅन्सर होईल' म्हणून पिशवी काढणं दोन्ही बाजूंनी चूक आहे.

आणि इथेच लहान छिद्रांबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. पूर्वी पोट फाडायचं म्हटल्यावर बाई घाबरायची, सासू-नवरा विचार करायचे, चार जणांना विचारायचे. त्या भीतीमुळे कधी कधी वेळ मिळायचा आणि त्या वेळात आजार गोळ्यांनी बरा व्हायचा. आता "दोन छिद्रं, दोन दिवस" म्हटलं की विचार करायचं कारणच उरत नाही. पण बाहेरचं छिद्र कितीही लहान असो, आत जे कापलं जातं ते सगळ्या वाटांनी तेवढंच असतं. पिशवी निघाल्यावर योनीच्या वरच्या टोकाला टाके घालून ते बंद करतात. ते टाके आणि भोवतालचे आधार भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पोटावर एक टाका असो की वीस. तेवढे दिवस जड उचलायचं नाही, नवऱ्यापासून लांब राहायचं. ते टोक उसवण्याचा धोका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत थोडा जास्तच असतो.

उसाची मोळी तीस-चाळीस किलोची असते. ती डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकमध्ये चढते. बाहेर काही दिसत नाही म्हणून पंधराव्या दिवशी ती फडात जाते. मुकादमाला तिच्या पोटावर पट्टी दिसत नाही, म्हणून त्याला ती बरी झालेली वाटते. तिलाही तसंच वाटतं. एक बाई माझ्याकडे आली होती, दुर्बिणीच्या ऑपरेशनला तीन आठवडेही झाले नव्हते, आणि खालून लाल जायला लागलं होतं. मी विचारलं, "माय, काय उचललं का?" ती म्हणाली, "उचललं न्हाई ओ सिस्टर, निस्त्या मोळ्या बांधल्या आन गाडीत टाकल्या." घरात पाण्याची घागर उचलू नको, हे तिला सांगितलेलं होतं. मोळीचं कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती काय काम करते हेच कुणी विचारलं नव्हतं. म्हणून माझं म्हणणं आहे की डिस्चार्ज देताना 'विश्रांती घ्या' असं मोघम लिहू नका. तिच्या कामाचं नाव घेऊन लिहा आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडून त्या आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई तिला मिळेल अशी तजवीज करा. त्याशिवाय ती विश्रांती घेऊ शकत नाही, कितीही समजावलं तरी.

पिशवी न काढता बरं करण्याचे उपायही तुमच्याच हातात आहेत. जास्त रक्तस्राव हे आपल्या देशात पिशवी काढण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, निम्म्याहून अधिक बायका तेच सांगतात. त्यावर ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफिन आहे, जे 'छाया' नावाने सरकारी केंद्रांत पाळणा लांबवण्यासाठी मोफत मिळतं आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जास्त रक्तस्रावासाठीही देतात. आणि हार्मोनची तांबी आहे, गर्भाशयात बसवली की वर्षानुवर्षं रक्तस्राव रोखणारी. कित्येक बायकांचं ऑपरेशन तिने टळतं. बाहेर विकत घ्यायला ती गरीब बाईला परवडत नाही. एका तांबीचा खर्च आणि एका ऑपरेशनचा खर्च शेजारी मांडून बघा, खात्याचाही फायदाच दिसेल. ही तांबी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या औषधसाठ्यात असली पाहिजे, एवढी एक गोष्ट या पत्रातून झाली तरी मला समाधान वाटेल.

बीजांडकोशांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पिशवी काढताना ते निरोगी असतील तर पाळी जायच्या वयाआधी काढू नयेत, कारण त्यांच्यासोबत हाडांचं आणि हृदयाचं संरक्षण जातं. पस्तिशीतली बाई एका दिवसात म्हातारपणात ढकलली जाते : अंगातून वाफा, झोप नाही, सांधे धरलेले. ओपीडीत अशा बाईला मी विचारायची, "पिशवीसंगं ओव्हरी पण काढली का?" उत्तर ठरलेलं, "समदंच साफ केलं म्हणले." कागद नसायचा. असला तर त्यावर इंग्रजीत चार अक्षरं. आपल्या शरीरात काय उरलंय हे त्या बाईला कळायचंच नाही, आणि नव्या डॉक्टरलाही उपचार अंदाजाने करावे लागायचे.

संमतीचा कायदा स्पष्ट आहे. दिल्लीतल्या एका प्रकरणात फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि बीजांडकोश, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन, काढून टाकले होते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संमती चालणार नाही. सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. तपासणीची संमती म्हणजे काढून टाकण्याची संमती नव्हे. असं असताना आपल्याकडे आजही कागद नवऱ्यापुढे सरकवला जातो आणि बाईचा अंगठा नंतर घेतला जातो.

पुढे बिहार, छत्तीसगड, राजस्थानात गरज नसताना पिशव्या काढल्याच्या प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. केंद्राने २०२२ मध्ये काढलेली, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश होता. त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. खासगी रुग्णालयंही त्यांच्या कक्षेत येतात, आणि देशातल्या या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश तिथेच होतात. आपल्या बीडमध्ये तर त्याआधीपासून खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. नियम आहेत, मी नवे मागत नाही. या समित्यांनी काय पाहिलं ते लोकांना दिसू द्या, एवढं मागते. दर तिमाहीला जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि जिल्हा परिषदेच्या फलकावर नावं वगळून आकडे लावा : किती शस्त्रक्रिया, कोणत्या वयाच्या, कोणत्या कारणासाठी, खालून की दुर्बिणीतून की पोट उघडून, बीजांडकोश ठेवले की काढले, आणि आधी कोणते उपचार करून पाहिले. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक बाईच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत हवं, आणि तो दुसरा डॉक्टर त्याच रुग्णालयाचा नसावा.

ऑपरेशनच्या किमान एक दिवस आधी बाईच्या हातात मराठीत छापलेला एक कागद द्या. मला नेमका काय आजार आहे, औषधांनी काय करून पाहिलं, काय राहिलं, कोणत्या वाटेने काढणार आणि खालून का काढता येत नाही, बीजांडकोशांचं काय करणार, किती आठवडे कोणतं काम बंद, कशासाठी लगेच परत यायचं. वाचता येत नसेल तर सिस्टरने किंवा आशाताईने तिच्या बोलीत वाचून दाखवावा, नवरा-सासू बाहेर असताना. बाईने त्यावर प्रश्न विचारले तर ते प्रश्नही तिथेच लिहून ठेवावेत. हे काम सिस्टर करू शकते, तिला फक्त त्यासाठी अर्धा तास मोकळा द्या. सोळा खाटांना एक सिस्टर असेल तर हा अर्धा तास कुठून येणार, हेही तुम्हीच बघायचं आहे.

आणि टोळ्या निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरमध्ये, ऊसतोडीच्या गावांत तपासण्या घ्या. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' या अभियानात २०२२ साली बायकांच्या तपासण्या केल्या होत्या, यंत्रणेला हे जमतं. रक्त तपासा, गर्भाशयमुख तपासा, पांढऱ्याचं औषध सोबत द्या, ज्यांना तांबी चालेल त्यांना बसवून द्या. ज्यांना शस्त्रक्रिया खरंच लागणार आहे त्यांची नावं लिहून घ्या आणि हंगाम संपल्यावर एप्रिल-मेमध्ये त्यांना सरकारी रुग्णालयात तारीख द्या, म्हणजे पाऊस पडून पेरणी लागेपर्यंत त्यांना आठ आठवडे मिळतील. तारीख हातात असलेली बाई सोनं गहाण ठेवून दुसरीकडे जात नाही.

यंदाच्या टोळ्या निघायच्या आत निदान त्या कागदाचा मसुदा आणि हार्मोनच्या तांबीची मागणी, एवढ्या दोन गोष्टी मार्गी लावाव्यात. मसुद्याची भाषा बायांना कळते का हे वाचून बघायला कुणी हवं असेल तर मी आणि माझ्यासोबत काम केलेल्या काही निवृत्त सिस्टर तयार आहोत. त्यासाठी मानधन नको.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मराठवाडा